आंतरराष्ट्रीय कामासाठी वकिली इंग्रजी: बडोद्यात राहून सहा आठवड्यांत करावयाचा सराव

बडोद्यातील मराठी वकिलाच्या दिवसात चार भाषा येतात. घरी मराठी, दिवाळीपुऱ्याच्या न्यायसंकुलात गुजराती, अशिलाशी अर्धी गुजराती अर्धी हिंदी, आणि प्रकरण अहमदाबादला उच्च न्यायालयात गेले की इंग्रजी. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि बिहार येथे हिंदीला जी मुभा मिळाली तशी गुजरातीला मिळालेली नाही. त्यामुळे इंग्रजी आपल्याला परकी नाही, रिट अर्ज आणि प्रतिज्ञापत्रे आपण रोजच लिहितो. तरीही नंदेसरीच्या एखाद्या रसायन कारखान्याचा माल रॉटरडॅम बंदरात अडकतो, तिकडच्या वकिलाचे चार ओळींचे साधे पत्र येते, आणि त्याला उत्तर लिहिताना वीस वर्षे वकिली केलेला माणूस दोन पाने भरतो. ती दोन पाने वाचून समोरचा पुन्हा विचारतो, की आपल्याला नेमके काय हवे आहे?

अडचण इंग्रजी कमी येण्याची नसते. आपण जी इंग्रजी शिकलो ती भारतीय न्यायालयाची आहे, आणि ती त्या न्यायालयाबाहेरच्या वाचकाला उद्देशून लिहिलेली नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय कामासाठीचा सराव म्हणजे नवे शब्द पाठ करणे थोडे आणि जुन्या सवयी मोडणे फार. गेली काही वर्षे उन्हाळ्याच्या सुट्टीत रावपुऱ्यातील आमच्या कार्यालयात चार-पाच सहकारी मिळून आम्ही हा सराव करतो. त्यातून जे टिकले तेवढेच येथे मांडतो आहे. ज्यांना मुळात इंग्रजी वाक्य जुळवता येत नाही त्यांनी आधी साधा भाषावर्ग करावा. हे मार्गदर्शन त्यानंतरचे आहे.

आधी आपलेच कागद तपासावेत

पहिल्या दिवशी कोणतेही पुस्तक उघडू नये. आपण स्वतः लिहिलेले तीन कागद काढावेत: एक नोटीस, एक करार आणि परदेशी व्यक्तीला पाठवलेला एक ई-मेल. त्यांच्या प्रती काढून लाल पेन घ्यावे आणि प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न विचारावेत: कोणी करायचे, काय करायचे, कधीपर्यंत करायचे. ज्या वाक्यातून या तिन्हींपैकी एकही उत्तर मिळत नाही त्याखाली रेघ ओढावी. माझ्या स्वतःच्या पहिल्या नोटिशीत सतरा वाक्यांपैकी अकरा लाल झाली होती.

नोटिशीचा नमुनाच पाहा. आपण सुरुवात करतो ती 'अंडर द इन्स्ट्रक्शन्स फ्रॉम अँड ऑन बिहाफ ऑफ माय क्लायंट, आय डू हिअरबाय सर्व्ह अपॉन यू' अशी, आणि शेवट होतो तो 'फेलिंग विच माय क्लायंट शॅल बी कन्स्ट्रेन्ड टु इनिशिएट अप्रोप्रिएट लीगल प्रोसीडिंग्ज ॲट युअर रिस्क ॲज टु कॉस्ट्स अँड कॉन्सिक्वेन्सेस' असा. आपल्याकडे ही वाक्ये कोणी वाचतच नाही. ती पाहून नोटीस आहे एवढे कळते, आणि तेवढ्यासाठीच ती असतात. हॅम्बुर्गचा वकील मात्र ती खरोखर वाचतो. 'अप्रोप्रिएट' म्हणजे कोणती कार्यवाही, कोणत्या न्यायालयात की लवादापुढे, करारातील कोणत्या कलमाखाली, हे त्याला हवे असते. सरावात हेच वाक्य पुन्हा लिहायला घेतले की ते असे होते: ३० जूनपर्यंत रक्कम जमा न झाल्यास आमचा अशील करारातील कलम १८ प्रमाणे लवादाची नोटीस देईल. इंग्रजीत यासाठी वीस-बावीस शब्द पुरतात, आणि त्यातला एकही शब्दकोशात पाहावा लागत नाही.

येथे काही ज्येष्ठ मंडळी नाराज होतात, कारण त्यांना ही इंग्रजी 'शाळकरी' वाटते. त्यांचा आक्षेप पूर्ण चुकीचा नाही. आपल्या न्यायाधीशांपुढे तोच जुना साज शोभतो आणि तेथे तो ठेवावाच. आपली वकिली सोडायची नसून दुसरी एक भाषा जवळ बाळगायची आहे, जशी आपण दांडिया बाजारातल्या घरी एक मराठी बोलतो आणि पुण्याच्या नातेवाइकांपुढे दुसरी.

जोडशब्दांचे मूळ आणि त्यांतून सुटका

'नल अँड व्हॉइड', 'विल अँड टेस्टामेंट', 'सीझ अँड डेसिस्ट' असे जोडशब्द इंग्रजी कायद्यात भरले आहेत. १०६६ नंतर इंग्लंडवर नॉर्मन राजवट आली, न्यायालयात फ्रेंच व लॅटिन चालू लागल्या आणि सामान्य माणूस इंग्रजीच बोलत राहिला, तेव्हा दोन्हीकडचे शब्द शेजारी ठेवण्याची रीत बळावली. इंग्लंडच्या न्यायालयांतून लॅटिन आणि कायद्याची फ्रेंच कायमची हद्दपार झाली ती १७३० च्या कायद्याने, जो १७३३ पासून अमलात आला. म्हणजे मधली साडेसहाशे वर्षे तिकडच्या पक्षकाराचीही अवस्था आपल्या पक्षकारासारखीच होती.

आपल्याला हे समजायला जड जाऊ नये, कारण 'अटी व शर्ती', 'हक्क व अधिकार', 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने' हे आपलेच जोडशब्द असून त्यांत संस्कृत, फारसी आणि अरबी अशाच शेजारी बसल्या आहेत. जुन्या खरेदीखतातील 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' हे शब्द मात्र मला फार मोलाचे वाटतात; गुजरातीत त्यांनाच 'लखी आपनार' आणि 'लखी लेनार' म्हणतात. कोण बांधला जातो आणि कोणाला हक्क मिळतो हे त्यांत शब्दातच सांगितलेले असते, जे 'पार्टी ऑफ द फर्स्ट पार्ट' या शब्दप्रयोगातून कधीच कळत नाही. इंग्रजी करार लिहिताना पक्षांना 'सेलर' आणि 'बायर' अशी कामावरून नावे द्यावीत, ती याच जुन्या शहाणपणाला धरून.

सरावाची रीत अशी: करारातील प्रत्येक जोडशब्द घ्यावा आणि दोन शब्दांत कायदेशीर फरक आहे का ते तपासावे. 'नल अँड व्हॉइड' मध्ये फरक नाही, तेथे एकच ठेवावा. 'रेप्रेझेंटेशन्स अँड वॉरंटीज' (करारापूर्वीची विधाने आणि करारातील हमी) मध्ये मात्र इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे फरक आहे. पहिल्याचा भंग झाला तर करार रद्द ठरवून घेण्याची वाट उघडते, दुसऱ्याचा झाला तर नुकसानभरपाई मागता येते. हा जोडशब्द नुसता लांबण म्हणून कापला तर अशिलाचा उपाय कापला जाईल. म्हणून साध्या इंग्रजीचा सरसकट झेंडा हाती घेऊन कात्री चालवू नये.

शब्द बदलला की कायदा बदलतो

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण भाषावर्गातील शिक्षक नेमके येथेच कमी पडतात. ते शब्दाचा अर्थ सांगतात. तो शब्द कोणत्या देशाच्या कायद्यात काय काम करतो हे त्यांना माहीत असण्याचे कारण नसते.

'पेनल्टी' हा शब्द घ्या. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात रक्कम लिहिलेली असली तरी न्यायालय त्या मर्यादेपर्यंत वाजवी भरपाईच देते, मग त्या रकमेला दंड म्हटले असो वा ठरीव भरपाई. इंग्लंडमध्ये 'पेनल्टी' ठरलेले कलम अमलातच येत नाही, आणि ते पेनल्टी आहे की नाही हे ठरवण्याची कसोटी २०१५ साली तिकडच्या सर्वोच्च न्यायालयाने बदलून ते कलम अमलात आणू पाहणाऱ्या पक्षाचे न्याय्य हितसंबंध पाहण्यास सांगितले. आता आपण मराठी मनाने 'दंड' या अर्थी ई-मेलमध्ये सहज 'पेनल्टी' लिहिले, तर आपल्याच कलमाविरुद्ध आपणच पुरावा लिहून दिला. 'इंडेम्निटी' चे, म्हणजे हानी भरून देण्याच्या हमीचेही तेच. आपल्या कलम १२४ मधील व्याख्या कोणाच्या तरी वर्तनामुळे झालेल्या हानीपुरती आहे. इंग्लंडमध्ये तिची व्याप्ती मोठी. 'फोर्स मेजर', म्हणजे आवाक्याबाहेरची आपत्ती, म्हटले की आपल्याला अशक्य झालेल्या कराराचे कलम ५६ आठवते, पण इंग्लंडच्या कायद्यात 'फोर्स मेजर' ची सर्वसाधारण तरतूद नाही, करारात जे लिहिले असेल तेवढेच. आणि 'कन्सिडरेशन' म्हणजे मोबदला, ज्याशिवाय आपला करार उभा राहत नाही, ती कल्पना जर्मन करारकायद्यात नाहीच. त्यामुळे जर्मन वकिलाला लिहिताना तो शब्द त्याला कळेल असे गृहीत धरू नये.

न्यायप्रक्रियेचे शब्दही देशागणिक बदलतात. इंग्लंड व वेल्समध्ये २६ एप्रिल १९९९ पासून नवे दिवाणी नियम लागू झाले, तेव्हा 'प्लेंटिफ' चा, म्हणजे वादीचा, 'क्लेमंट' झाला, 'डिस्कव्हरी' ची, म्हणजे एकमेकांना कागदपत्रे दाखवण्याची, 'डिस्क्लोजर' झाली आणि मालमत्ता गोठवणाऱ्या 'मरेवा इंजंक्शन' ला 'फ्रीझिंग इंजंक्शन' म्हणू लागले. सिंगापूरने २०२२ मध्ये 'प्लेंटिफ' सोडला. अमेरिका आणि आपण अजून जुन्याच शब्दावर आहोत. न्यूयॉर्क राज्यात 'सुप्रीम कोर्ट' हे प्रथम सुनावणीचे न्यायालय असते, सर्वोच्च न्यायालय नव्हे. हे ठाऊक नसलेल्या एका सहकाऱ्याने अशिलाला आपला दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचल्याचे सांगून चांगलेच घाबरवले होते.

यासाठी प्रत्येकाने एक वही करावी. डाव्या पानावर आपला शब्द: वादी, कैफियत, दरखास्त, हुकूमनामा, मनाईहुकूम, मुखत्यारपत्र. उजव्या पानावर तीन रकाने: भारत, इंग्लंड, अमेरिका. ज्या शब्दाला दुसरीकडे जुळणारी कल्पनाच नाही तेथे रकाना मोकळा सोडावा. मोकळा रकाना दिसला की तेथे एका शब्दाऐवजी एक समजावणारे वाक्य लिहायचे आहे हे ध्यानात राहते. बडोद्याला या कामाची परंपरा आहे. १९३१ साली बडोदे संस्थानाने 'श्री सयाजी शासन शब्द कल्पतरू' नावाचा कोश काढला, ज्यात राज्यकारभार व कायद्यातील इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, बंगाली, उर्दू, फारसी प्रतिशब्द शेजारी शेजारी दिले होते. आपली वही म्हणजे त्याच कल्पतरूची खिशात मावणारी फांदी.

एका शब्दाने काय होते याचे उदाहरणही शहरातच आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे ग्रंथालय ज्यांच्या नावाने ओळखले जाते त्या हंसा मेहता या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार आयोगावर भारताच्या प्रतिनिधी असताना त्यांनी मानवाधिकारांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यातील 'ऑल मेन' या शब्दांवर आक्षेप घेतला, आणि १९४८ च्या अंतिम पाठात पहिल्या अनुच्छेदात 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' आले. इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा त्यांच्यापुढे तिच्यातील शब्द बदलून घेण्याचा हा धीर सरावाच्या पहिल्या आठवड्यातच अंगी आणावा.

सहा आठवडे कसे वाटावेत

न्यायालयाची उन्हाळी सुट्टी याला उत्तम. रोज सकाळी साडेसहा ते साडेआठ एकत्र बसावे आणि संध्याकाळी तासभर घरी काम करावे. यापेक्षा कमी वेळ दिला तर त्याला सघन सराव म्हणता येणार नाही, आणि यापेक्षा जास्त बडोद्याच्या उन्हाळ्यात होत नाही. गट चार ते सहा जणांचा असावा. शिकवणारा एकच निवडायचा झाला तर व्याकरणाच्या पंडितापेक्षा परदेशी कराराचे काम केलेला वकील निवडावा; दोघे मिळाले तर सोन्याहून पिवळे.

पहिला आठवडा वाचनाचा. इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाचे एक निकालपत्र रोज घ्यावे. ती मोफत मिळतात आणि त्यांतले गद्य सध्याच्या कायदेशीर इंग्रजीचा उत्तम नमुना आहे. निकाल पूर्ण वाचण्याचा हट्ट नको. सुरुवातीचे वस्तुस्थितीचे दहा परिच्छेद वाचून त्यांचा सारांश मराठीत तोंडी सांगावा, मग तोच इंग्रजीत सहा वाक्यांत लिहावा. मराठीची ही पायरी वगळू नये. न समजलेले इंग्रजीतून इंग्रजीत सहज लपवता येते, मराठीत सांगताना लपत नाही.

दुसरा व तिसरा आठवडा करारांना द्यावा. नमुने पुस्तकातले घेऊ नयेत. अमेरिकी शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना आपले महत्त्वाचे करार तेथील नियामकाकडे जोडावे लागतात आणि ते 'एडगर' या सार्वजनिक संग्रहात कोणालाही पाहता येतात. तेथून पुरवठ्याचा एखादा खरा करार उतरवून घ्यावा. त्यातील प्रत्येक 'शॅल' शोधून त्या जागी बंधन आहे, भविष्य आहे की नुसती घोषणा आहे ते ठरवावे. बंधन असेल तर 'मस्ट' किंवा 'शॅल' यांपैकी एकच शब्द पूर्ण करारात वापरावा. अमेरिकेच्या फेडरल दिवाणी प्रक्रिया नियमांची २००७ साली फेरमांडणी झाली तेव्हा याच गोंधळापायी 'शॅल' काढून टाकण्यात आला.

आकडे आणि तारखांना अर्धा दिवस द्यावा, कारण सगळ्यात महागड्या चुका तेथेच होतात. 'सव्वा कोटी' परदेशात 'ट्वेल्व्ह पॉइंट फाइव्ह मिलियन' होतात आणि स्वल्पविराम वेगळ्या जागी बसतात: आपले १,२५,००,००० म्हणजे त्यांचे १२,५००,०००. जर्मनीत पुन्हा दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब. ०३/०४ हा दिवस आपल्या व इंग्लंडच्या वाचकाला ३ एप्रिल, अमेरिकी वाचकाला ४ मार्च. महिना नेहमी अक्षरी लिहावा. मकरपुऱ्याच्या कारखानदारांचे काम करणाऱ्यांनी 'इन्कोटर्म्स २०२०', म्हणजे मालविक्रीत खर्च व जोखीम कोणाची हे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संज्ञा, यांतील अकराही याच दिवशी पाहाव्यात, विशेषतः 'एफओबी' (फ्री ऑन बोर्ड) आणि 'सीआयएफ' (कॉस्ट, इन्शुरन्स अँड फ्रेट) यांत जोखीम कोठे हस्तांतरित होते ते. अनेकांचा समज असा की 'सीआयएफ' मध्ये विमा विक्रेता काढतो म्हणजे माल बंदरी उतरेपर्यंत जोखीमही त्याचीच. प्रत्यक्षात दोन्हींत माल जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराकडे जाते.

चौथा आठवडा ई-मेलचा. हा भाग सोपा वाटतो म्हणून सगळे तो टाळतात, आणि परदेशी माणूस आपल्याला ओळखतो तो याच भागावरून. पहिल्या वाक्यात काय हवे ते, दुसऱ्यात कधीपर्यंत, मग कारण. अभिवादन एका ओळीचे. 'काइंडली डू द नीडफुल' लिहिले तर समोरच्याने नेमके काय करायचे हे त्याच्यावरच सोपवले. 'वुई विल रिव्हर्ट' हे आपल्याकडे 'कळवतो' या अर्थी रूढ आहे, पण इतरत्र त्याचा पहिला अर्थ पूर्वस्थितीला परत जाणे असा होतो, आणि मालमत्तेच्या कायद्यात तर तो हक्क परत जाण्याचा शब्द आहे. 'द सेम' हा सर्वनामासारखा वापरणेही सोडावे. 'प्लीज फाइंड द सेम अटॅच्ड' याऐवजी काय जोडले आहे त्याचे नाव लिहावे. रोज तीन ई-मेल लिहून गटातील दुसऱ्याला द्यावेत आणि त्याने फक्त मराठीत सांगावे की त्याला काय करायचे आहे असे समजले. लिहिणाऱ्याने तोंड उघडायचे नाही. या एका खेळाने जितके शिकता येते तितके कोणत्याही पाठाने नाही.

'विदाउट प्रेजुडिस' आणि 'सब्जेक्ट टु कॉन्ट्रॅक्ट' हे दोन शिक्के कोठे मारायचे तेही याच आठवड्यात पक्के करावे. पहिला तडजोडीच्या बोलण्यावर, म्हणजे ते पुराव्यात येऊ नये म्हणून. दुसरा वाटाघाटीवर, म्हणजे सही होईपर्यंत करार झाला असे कोणी म्हणू नये म्हणून. आपल्याकडे पहिला शिक्का साध्या मागणीपत्रावरही सवयीने मारला जातो. तडजोडीचा प्रस्तावच नसलेल्या पत्रावर तो निरर्थक असतो.

ऐकणे आणि बोलणे

पाचव्या आठवड्यापर्यंत बोलण्याला हात लावू नये असे माझे मत आहे. लिहिताना सवय सुटली की बोलतानाही सुटते, उलट क्रमाने फारसे होत नाही.

ऐकण्यासाठी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील युक्तिवाद सर्वांत उपयोगी, कारण त्यांचे ध्वनिमुद्रण आणि शब्दशः उतारा दोन्ही मोफत मिळतात. दहा मिनिटे उतारा न पाहता ऐकावीत, काय कळले ते लिहावे, मग उताऱ्याशी ताडून पाहावे. इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाच्या सुनावण्या चित्रफितीसह पाहता येतात. तेथील वकील न्यायमूर्तींच्या प्रश्नावर किती हळू उत्तर देतात ते पाहावे. २०२१ पासून आपल्या गुजरात उच्च न्यायालयाचे कामकाजही थेट दिसते. दोन्ही एकामागून एक पाहिली की आपण कोठे घाई करतो ते आपोआप कळते.

उच्चारात आपला लहेजा घालवण्याच्या मागे लागू नये. कोणी तो मागत नाही. पण काही शब्द चुकले तर समोरच्याला शब्दच ओळखू येत नाही. 'डेट' म्हणजे कर्ज, त्यातला 'बी' मुका. 'सपीना' म्हणजे साक्षीचे समन्स, त्यातला 'बी' ही मुका. 'इन्डाइट' म्हणजे आरोप ठेवणे, त्यात 'सी' मुका. 'एअर' म्हणजे वारस, त्यातला 'एच' मुका. धारणाधिकाराला 'लीन' किंवा 'ली-अन' म्हणावे, 'लायन' म्हटले तर सिंह होतो. 'बोना फाइड' इंग्लंडमध्ये 'बोना फाइडी' असा ऐकू येतो आणि 'प्रायमा फेसी' चा 'प्राइमा फेशी' होतो. त्याहून महत्त्वाचा आघात: मराठीत आपण सर्व अक्षरे साधारण सारख्या जोराने म्हणतो, इंग्रजीत 'रेकॉर्ड' हा नाम असताना जोर पहिल्या अक्षरावर आणि क्रियापद असताना दुसऱ्यावर येतो, 'कॉन्ट्रॅक्ट' चेही तसेच.

आणि 'येस'. हा शब्द मला महागात पडला होता. एका निर्यातदार अशिलाच्या वतीने मी दूरदृश्य बैठकीला बसलो होतो. समोरचा वकील कलमे वाचत होता आणि मी ऐकतो आहे हे दाखवायला, आपण 'हो, हो' किंवा गुजरातीत 'हा, हा' म्हणतो तसा, प्रत्येक कलमानंतर 'येस, येस' म्हणत होतो. संध्याकाळी बैठकीचे टिपण आले. सात कलमांपुढे 'मान्य' अशी नोंद होती, त्यांतली तीन तर अशिलाने मला नाकारायला सांगितलेली. ते दुरुस्त करून घ्यायला दोन पत्रे आणि अकरा दिवस गेले. तेव्हापासून आमच्या सरावात एक जण परदेशी वकील होतो आणि बाकीच्यांनी 'येस' न म्हणता ऐकायचे असते; 'आय फॉलो', 'गो ऑन', 'आय नोट दॅट, बट वुई डोन्ट ॲग्री येट' ही तीन वाक्ये जिभेवर बसेपर्यंत पुन्हा पुन्हा. न समजल्यास तसे सांगण्याचाही सराव करावा: 'माझ्या समजुतीप्रमाणे आपले म्हणणे असे आहे, बरोबर का?' हे इंग्रजीत शांतपणे विचारता आले की निम्मी भीती जाते.

सहाव्या आठवड्यात लवादाची लुटुपुटीची सुनावणी घ्यावी. २०१८ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने परदेशी वकिलांना आंतरराष्ट्रीय व्यापारी लवादासाठी भारतात येण्याची मर्यादित मोकळीक दिली, बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२३ मध्ये त्यांच्या नोंदणीचे नियम काढले, आणि गांधीनगरजवळची गिफ्ट सिटी हे आंतरराष्ट्रीय वित्तकेंद्र आपल्यापासून काही तासांवर आहे; त्यामुळे इंग्लंडचा किंवा सिंगापूरचा वकील समोर बसलेला पाहण्यासाठी विमानात बसण्याची गरज उरलेली नाही. सुनावणीत एकाने प्रारंभिक निवेदन दहा मिनिटांत करावे, दुसऱ्याने साक्षीदाराची उलटतपासणी करावी. उलटतपासणीत आपली 'आय पुट इट टु यू' ची लांबलचक वाक्ये टाळून एका प्रश्नात एकच वस्तुस्थिती ठेवावी.

परीक्षांविषयी थोडक्यात

परीक्षा हेतूप्रमाणे निवडावी. परदेशात एलएल.एम. करायचे असेल तर बहुधा आयईएल्ट्स लागते: ऐकणे सुमारे अर्धा तास, वाचन व लेखन प्रत्येकी एक तास, बोलणे अकरा ते चौदा मिनिटे, आणि निकाल दोन वर्षे ग्राह्य. ती सर्वसाधारण इंग्रजी तपासते, कायद्याची नव्हे, म्हणून तिच्यासाठी शेवटचे दहा दिवस वेगळे ठेवावेत. कायद्याच्या इंग्रजीसाठी टोल्स ही परीक्षा प्राथमिक, उच्च आणि प्रगत अशा टप्प्यांत होते. प्रमाणपत्र नको असले तरी तिच्या प्रश्नांचा नमुना सरावाला चांगला. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर होण्यासाठी २०२१ पासून एसक्यूई ही पात्रता परीक्षा आहे. तिच्या पहिल्या भागात ३६० बहुपर्यायी प्रश्न असतात आणि दुसऱ्यात मुलाखत, युक्तिवाद, मसुदा व लेखन यांची प्रत्यक्ष कसोटी. तेथे सहा आठवड्यांचा सराव केवळ पाया ठरतो.

शेवटच्या दिवशी पहिल्या दिवसाचे तीन कागद पुन्हा काढावेत, जुन्या प्रती न पाहता ते नव्याने लिहावेत आणि दोन्ही शेजारी ठेवून लाल रेघा मोजाव्यात. त्यानंतर शनिवारी दुपारी एक तास गटाने भेटत राहावे. ज्याने त्या आठवड्यात परदेशी खरा ई-मेल पाठवला असेल त्याने तो, अशिलाचे नाव खोडून, वाचून दाखवावा आणि बाकीच्यांनी तेच तीन प्रश्न विचारावेत: कोणी, काय, कधीपर्यंत. आमच्याकडे ज्याचे उत्तर अडते तो त्या दिवशीचा शेव-उसळ देतो.